काचेच्या टाकीतला सॅलमँडर

नेदरलँड्समध्ये २०१० नंतर काळ्या-पिवळ्या फायर सॅलमँडरची संख्या झपाट्याने घटली. २०१३ पर्यंत जेमतेम चार टक्के उरले.

कारण होतं ‘बीसॅल’ नावाची बुरशी. ती सॅलमँडरची कातडी पोखरते. हे प्राणी कातडीतूनही श्वास घेतात, त्यामुळे लागण जीवघेणी ठरते. बुरशीचं मूळ आशियात आहे. तिथले काही सॅलमँडर ती अंगावर सहज वागवतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोहोचली, असं संशोधक मानतात.

अमेरिकेत सॅलमँडरांची विविधता जगात सर्वाधिक. म्हणूनच तिथल्या सरकारने जानेवारी २०१६ मध्ये २० प्रजातींमधल्या २०१ जातींच्या आयातीवर निर्बंध घातले.

सॅलमँडर पाळण्याची हौस पुरवताना एवढं पाळाच: टाकीतलं पाणी किंवा नकोसा झालेला प्राणी ओढ्यात कधीही सोडू नका.