मान खाली, मोबाईल हातात: मानेच्या मणक्यांचं काम कसं चालतं?

रील बघताना तुमची मान किती वाकते, कधी पाहिलंय का?

मानेत 7 मणके असतात. पहिला डोकं पेलतो. तो दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून आपण 'नाही' म्हणत मान हलवतो. त्याखालच्या मणक्यांमध्ये गाद्या असतात आणि मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो.

डोक्याचं वजन साधारण 5 किलो. 2014 च्या एका गणितानुसार मान 60 अंश वाकली की ताण सुमारे 27 किलोंवर जातो. म्हणून मोबाईल डोळ्यांसमोर धरा.

पण खरा धोका मार लागल्यावर असतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात सास्तूरमध्ये दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा वेळी, किंवा बाईकच्या अपघातात, मानेचा मणका मोडला असेल तर ओढाताणीत मज्जारज्जू दुखावतो. हातपाय कायमचे लुळे पडू शकतात, श्वासही थांबू शकतो.

त्यामुळे जखमीला उठवून बसवू नका. आग किंवा पडझडीची भीती नसेल तर डोकं-मान आहे तशीच स्थिर धरा आणि त्याच मोबाईलवरून 108 लावा.