हाडांचं पंचांग

ओहोटीच्या वेळी तारकर्लीच्या ओल्या, चकचकीत वाळूवर पाऊल ठेवा आणि खाली बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते, पांढुरकी होते. पाय उचलला की पुन्हा ओली. खरं तर वजन पडल्यावर पाणी वर यायला हवं, इथं ते खाली पळतं! ऑस्बोर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. लाटांनी कण इतके घट्ट बसवलेले असतात की हलायचं तर त्यांना आधी एकमेकांपासून दूर व्हावं लागतं. मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं. म्हणजे पाऊल दाबतं आणि वाळू फुगते. धावायला लागले तेव्हा पहिले काही दिवस मी हेच बघत धावत होते.

दुखणं तिसऱ्या आठवड्यात आलं. डाव्या नडगीची आतली कड, घोट्याच्या वर वीतभर. बोट फिरवलं तरी कळ यायची. शिवाय सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत खिळा टोचल्यासारखं व्हायचं. चार पावलं टाकली की तो खिळा बोथट व्हायचा. गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. पहिल्या दिवशी वाळूवर ओढून ठेवलेल्या तिसऱ्या होडीपाशी माझा श्वास संपला होता. आता दम टिकत होता, गाण्याची ओळही म्हणता आली असती. नेमकं तेव्हाच पाय का रुसावेत?

कारण शरीराचे सगळे भाग एका पंचांगाने चालत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. कंडरांना महिने लागतात. आणि हाडाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. हाड म्हणजे एकदा घडवून ठेवलेला दगड नव्हे. आपल्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने बांधला जातो. काही पेशी जुनं हाड कुरतडून बारीक बोगदे पाडतात आणि त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी येऊन ते नव्या हाडाने भरतात. जुन्या घराचे झिजलेले चिरे आधी काढायचे आणि मग नवे बसवायचे, तसंच. फक्त खोदकाम आटोपायला साधारण तीन आठवडे लागतात, भरणीला तीन-चार महिने.

नवा भार आला की खोदकाम जागोजागी सुरू होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीत रिकाम्या जागा जास्त, नवे चिरे कमी, अशी वेळ येते. नेमका याच सुमाराला दम वाढलेला असतो, म्हणून आपण अंतर वाढवतो. नडगीच्या दुखण्यात हाडावरचं आवरण आणि त्याला धरून असलेल्या पोटरीच्या स्नायूंचा ताणही मिसळलेला असतो, पण मूळ तक्रार एकच: भार भराभर वाढला. हिशोब करून बघा. धावताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. वजन ६० किलो, भार अडीच पट, मिनिटाला १६० पावलं आणि अर्धा तास धरला तर एका पायावर २४०० वेळा १५० किलो. बेरीज ३६० टन! एवढं सोसून पाय फक्त दुखतो, मोडत नाही, हेच मला नवलाचं वाटतं.

पण डावाच पाय का? याचं उत्तर मला किनाऱ्याच्या उताराने दिलं. तारकर्लीहून दक्षिणेला देवबागच्या टोकाकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. वाळू त्या बाजूला उतरती, त्यामुळे उजवं पाऊल खाली पडतं, डावं वर. वरचं पाऊल दर वेळी आतल्या अंगाला कलंडतं आणि नडगीच्या आतल्या कडेला ओढ बसते. मी परत मात्र वस्तीतल्या डांबरी रस्त्याने येत होते. वाळूवरूनच परतले असते, तर तोच उतार दुसऱ्या पायाच्या वाट्याला आला असता.

टाचेच्या खिळ्याचं कारणही पावलाच्या रचनेतच आहे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो. बसल्या जागी पाय जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा वर उचला: पावलाची कमान आपोआप उंचावते. पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि सैल पाऊल ताठ होतं. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये ही युक्ती नोंदवली. दर पावलाला जी ऊर्जा शरीराच्या हातून जाते आणि परत मिळते, तिच्यातली सुमारे ३५ टक्के टाचेमागची कंडरा आणि १७ टक्के ही कमान ताणून साठवते आणि परत देते, असा अंदाज १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मांडला. पहिल्या काही दिवसांनंतर मी हा पट्टा मऊ, कोरड्या वाळूत राबवत होते. तशा वाळूत धावायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. टाच खोल रुतते आणि पोटरीपासून तळव्यापर्यंत सगळंच ताणलं जातं.

अशा वेळी बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले आठवतात. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून उद्योगपती सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने भारतीय खेळाडू १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेले. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९वे आले. त्या शेतकऱ्यांची हाडं धावायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून चालून चालून बांधली गेली होती. माझी खुर्चीत.

तसे बांधलेले पाय मला रोज दिसत होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना माणसं टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकतात, बोटं फाकलेली, प्रत्येक बोटाचा ठसा वेगळा. मी लंगडत जाताना पाहून त्यांच्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "पाय दुखतत तर धावतस कित्याक गो?" उत्तर सुचलं नाही, पण त्या दिवसापासून मी चालायला लागले. दोन आठवडे नुसतं चालणं. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, दिवसाआड. जायचं-यायचं दोन्ही वाळूवरूनच, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओल्या घट्ट पट्ट्यावर. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून घरातून निघायची वेळही सरकू लागली. संध्याकाळी ओटीच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या, पोटरीला कामाची सवय व्हावी म्हणून.

एक मात्र जपायला हवं. कळ हाडावर एका बोटाएवढ्या जागी असेल, नुसतं चालतानाही येत असेल किंवा रात्री जागं करत असेल, तर धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. माझं दुखणं लांबट पट्ट्यात पसरलेलं होतं आणि विश्रांतीने ओसरत होतं.

पाचव्या महिन्यात मी देवबागच्या टोकापर्यंत न थांबता पोचले. कर्ली नदी तिथं समुद्राला मिळते. वाळूत बसून नडगीवरून अंगठा फिरवला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, सावकाश. कुठेच कळ आली नाही. आत चिरे बसत होते. उठले आणि समुद्र डाव्या हाताला घेऊन परत निघाले.