पर्यावरणाची पदवी घेऊन मुलगी करणार काय?

बारावीनंतर मुलीने पर्यावरणशास्त्र घ्यायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रात नुसत्या गुणपत्रिकेला फारसे कोणी विचारत नाही, हाताला कामाची सवय असावी लागते.

नाशिकच्या मुलींना ती सवय घराजवळच लावता येते. गोदावरीचे पाणी बाटलीत घ्यायचे, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, बाटली २७ अंश तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवून पुन्हा मोजायचा. प्राणवायू जितका घटला, तितकी पाण्यात सेंद्रिय घाण जास्त. हीच बीओडी चाचणी. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आणि पालिकेला ती करणारी माणसे लागतात.

पक्ष्यांचा नाद असेल तर निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी-कादवा संगमावरची ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात तिथे पक्षिगणनेला जाणे ही सहल नव्हे, अनुभवच! (अब्बांनीही सोबत जावे, मजा येते.)

शेवटच्या वर्षाच्या मुलीने तारीख, जागा, नमुना आणि आकडे लिहिलेली वही जपावी. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांसोबत ती वहीही पिशवीत असू द्यावी.