मुक्कामाची चाहूल घेणाऱ्या पेशी

सकाळी शेताकडे निघालेल्या बैलांना हाकावं लागतं. सांजेला घराकडे वळलेल्यांना आवरावं लागतं. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दावण आणि वैरण जवळ येईल तसे पाय भराभर पडू लागतात. वाट तीच, अंतर तेवढंच. पण तिच्या एका टोकाला काहीतरी हवंहवंसं आहे, ही खूणगाठ डोक्यात पक्की असते. ती बांधतं कोण?

अर्धं उत्तर १९७१ मध्ये लंडनला मिळालं. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या काही चेतापेशी उंदीर ठरावीक जागी आला, की जाग्या होतात, हे जॉन ओ'कीफ यांना दिसलं. त्यांना २०१४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला आणि जागेची आठवण चेतापेशींच्या खात्यावर जमा झाली.

पण मेंदूत चेतापेशींच्या जवळपास तितक्याच आधारपेशी असतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना मधली जागा भरणारं लिंपण समजत. त्यांतल्या चांदणीच्या आकाराच्या तारकापेशींकडे पुढे चेतापेशींना पोसण्याचं आणि आसपासची सफाई राखण्याचं काम लावलं गेलं. माणसाची एकच तारकापेशी वीस लाखांपर्यंत चेतासंधींना, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांना, स्पर्श करू शकते. एवढ्या ठिकाणी कान लावून बसलेली पेशी नुसती झाडलोट करत असेल?

२०२२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या इनबाल गोशेन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये याचं थक्क करणारं उत्तर दिलं. तहानलेले उंदीर पडद्यावरच्या आभासी वाटेने धावत. ठरलेल्या जागी पोचले, की पाणी मिळे. ओळखीच्या वाटेवर पाण्याची जागा जवळ येईल तसं तारकापेशींतलं कॅल्शियम, म्हणजे त्या सक्रिय झाल्याची खूण, चढत गेलं. अनोळखी वाटेवर तसं झालं नाही. पाण्याची जागा बदलली, तेव्हा सरावानंतर चढण नव्या जागेकडे वळली. ओळखीच्या वाटेवर तर केवळ तारकापेशींच्या या सक्रियतेवरून उंदीर कुठे आहे, हे सांगता आलं!

या पेशी आठवण नुसती नोंदवतात की घडवतातही? याच गटाने २०१८ मध्ये उंदीर शिकत असताना त्यांच्या तारकापेशी चेतवल्या होत्या. ती आठवण बक्षिसाची नव्हे, भीतीच्या जागेची होती. पण ती नेहमीपेक्षा पक्की झाली. थेट चेतापेशी चेतवल्या, तेव्हा मात्र उलट बिघडली.

आपल्याकडे पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुहिता नाडकर्णी या पेशींची गणिती प्रतिरूपं संगणकावर उभी करतात. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन तारकापेशींतून होणारा रसायनांचा स्राव कसा विस्कटतं, याचा वेध त्यांनी त्यातून घेतला आहे. घराची रोजची वाट चुकणं हे त्या आजाराचं ओळखीचं लक्षण. म्हणून स्मृतीचा अभ्यास यापुढे एकट्या चेतापेशींवर भागणार नाही. ज्यांना लिंपण म्हणून बाजूला सारलं, त्या पेशीही त्यात बरोबरीने मोजाव्या लागतील.