'पेण' शोधलं तर 'पेन' का येतं? वेबसाइटना सर्च पुरवण्याचा व्यवसाय नेमका काय आहे?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये कासू नावाचं छोटं स्टेशन आहे. हे नाव कुणी 'कासू' टाइप करतं, कुणी 'कासु', तर कुणी रोमन अक्षरांत. वाचणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. वेबसाइटवरच्या साध्या सर्च बॉक्सला मात्र हे तीन वेगळे शब्द असतात. शेजारच्या पेणचं तर त्याहून अवघड. रोमन अक्षरांत लिहिलं की गणपतीच्या मूर्तींचं गाव आणि लिहायचं पेन यांत फरकच उरत नाही.

समजा, एका मूर्ती विक्रेत्याच्या वेबसाइटवर 'शाडू मातीच्या मूर्ती' असं लिहिलंय आणि ग्राहकाने 'शाडूची मुर्ती' असं शोधलं. उत्तर येतं, 'काहीही सापडलं नाही'. माल आहे, गिऱ्हाईकही आलं होतं, पण विक्री झाली नाही.

ही अडचण सोडवून देणं हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला 'होस्टेड सर्च' म्हणतात. तो कासूसारख्या गावातून सुरू करता येईल का?

होस्टेड सर्च म्हणजे काय?

वेबसाइट ग्राहकाची, पण तिच्यातला शोध चालतो सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर. सेवा देणारी कंपनी त्या साइटची सगळी पानं वाचून त्यांची सूची बनवते. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते दिलेलं असतं, तशीच ही सूची. वेबसाइटच्या मालकाला आपल्या पानात कोडच्या काही ओळी टाकाव्या लागतात, बाकीचं काम कंपनीचं. किती नोंदी सांभाळायच्या आणि महिन्याला किती शोध होतात, यावरून साधारणपणे दर ठरतो.

गुगल असताना पैसे कोण देणार?

गुगलची अशी मोफत सेवा २००६ पासून आहे, पण तिच्या निकालांत जाहिराती दिसू शकतात. 'गुगल साइट सर्च' ही सशुल्क सेवाही होती. ती बंद करण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली आणि २०१८ मध्ये ती पूर्ण थांबली. पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही दुसरी सोय शोधावी लागली.

या बाजारात मोठी नावं आहेत. पॅरिसमध्ये २०१२ साली सुरू झालेली अल्गोलिया त्यांतलं एक. मुंबईच्या नेटकोअर क्लाउडने २०२२ मध्ये ऑनलाइन दुकानांना सर्च पुरवणारी बंगळुरूची अनबॉक्स्ड ही कंपनी विकत घेतली. नेटकोअरचे संस्थापक राजेश जैन या क्षेत्रात नवे नव्हते. त्यांच्या 'इंडियावर्ल्ड'मध्ये 'खोज' नावाचं सर्च इंजिन होतं. इंडियावर्ल्ड १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने सुमारे ४९९ कोटी रुपयांना घेतली.

मग छोट्याला जागा कुठे?

मराठीत. 'पेणला', 'पेणहून', 'पेणच्या' हे सगळे शब्द 'पेण'कडे जातात, हे सर्चला शिकवावं लागतं. शेवटचे प्रत्यय सरसकट छाटून चालत नाही. 'ला' काढायचा नियम केला, तर 'मसाला'चा 'मसा' होतो. शिवाय 'घर'चं 'घरात' होताना मधे 'आ' येतो, म्हणजे सामान्यरूपही ओळखायला हवं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माफ करणं, रोमन अक्षरांतलं मराठी ओळखणं हेही आलंच. जुन्या संस्थांकडे आणखी एक दुखणं असतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकात भलतीच अक्षरं साठवलेली असतात. तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधता येत नाही. बातम्यांच्या साइट, ग्रंथालयं, प्रकाशक, होमस्टे यांना या कामाची गरज पडू शकते.

सुरुवात कशी करायची?

सर्च इंजिन शून्यापासून लिहावं लागत नाही. अपाची सोलर, ओपनसर्च अशी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. पण परवाना नीट वाचायला हवा. इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये परवाना बदलला आणि तेच सॉफ्टवेअर होस्टेड सेवा म्हणून विकण्यावर बंधनं आली. त्यातूनच ॲमेझॉनने ओपनसर्च वेगळं काढलं. परवाना न पाहता उभा केलेला धंदा एका बदलाने अडचणीत येऊ शकतो.

सर्व्हर घरात ठेवायची गरज नाही. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये तो भाड्याने मिळतो. कासूत लॅपटॉप आणि भरवशाचं इंटरनेट पुरे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

धोका कुठे आहे?

पहिला धोका सर्व्हर बंद पडण्याचा. तो बंद पडला की सगळ्या ग्राहकांचा शोध एकाच वेळी थांबतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत असं झालं, तर मूर्ती विक्रेत्याचा हंगामच हातचा जाईल. म्हणून दुसरा सर्व्हर तयार ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून दरात धरावा लागतो.

दुसरा धोका माहितीचा. लोक काय शोधतात त्याची नोंद सेवा देणाऱ्याकडे जमा होते. त्यातून माणूस ओळखता येत असेल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होतो. नको ती माहिती साठवूच नये, हा सर्वात स्वस्त उपाय.

याच नोंदींचा उपयोगही मोठा आहे. कोणत्या शोधांना 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर गेलं, त्याची यादी दर महिन्याला दुकानदाराला देता येते. कोणतं गिऱ्हाईक का परत गेलं, हे त्याला त्यातूनच कळतं. पैसे तो बहुधा याच यादीसाठी देईल.