पोलिश ग्राहक ‘ताक, आले’ म्हणाला तर काय द्याल?



समजा, नगर-दौंड रोडला तुमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. जवळच अरणगावला मेहेराबाद, तिथे जगभरातून लोक येतात. त्यातला एक पोलंडचा पाहुणा दुकानात आला. तुम्ही काळ्या मसाल्याचं पाकीट पुढे केलं. तो म्हणाला, “ताक, आले…”

तुम्ही म्हणाल, साहेब, ताक डेअरीत मिळेल आणि आले भाजीवाल्याकडे! पण त्याने यातलं काहीच मागितलेलं नाही. पोलिश भाषेत ‘ताक’ म्हणजे ‘हो’ आणि ‘आले’ म्हणजे ‘पण’. तो म्हणतोय, “हो, पण…” आणि विक्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. त्या ‘पण’च्या पुढे तिखट जास्त आहे, पाकीट मोठं आहे, भाव परवडत नाही, असं काहीतरी असतं. ते ऐकलं तरच माल विकला जातो.

अजून काही गमतीचे शब्द

- पान: म्हणजे साहेब, श्रीयुत.
- पानी: म्हणजे बाई, मॅडम. कुणी तुम्हाला ‘पानी’ म्हणालं, तर लगेच ग्लास भरायला जाऊ नका!
- फार्त: म्हणजे नशीब, लक. हाच शब्द पाकिटावर इंग्रजी वाचणाऱ्याने पाहिला, तर तो नाक धरेल.
- नो: बोलीत याचा अर्थ ‘हं, हो ना’.

हा शेवटचा शब्द खिशाला चाट लावू शकतो बरं का. फोनवर इंग्रजीत भाव चाललाय, समोरचा सवयीने “नो, नो” म्हणतोय. तुम्ही घाबरून किलोमागे वीस रुपये कमी केले. तो तर आधीच तयार होता!

वळिवड्याची गोष्ट

पोलंड आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलिश कुटुंबांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे ५,००० जण कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त. तिथे दूध-भाजी विकणाऱ्याच्या कानावर ‘ताक’ किती वेळा पडलं असेल, कल्पना करा.

ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक आले. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. मुलूख परका, भाषा परकी, तरी धंदा उभा राहिला. म्हणजे भाषा येत नाही म्हणून ग्राहक सोडायचा नसतो. खात्री करून घ्यायची असते.

लेबल छापण्याआधी

आपल्या लोणच्यावर आपण अभिमानाने छापतो, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’. आता हाच शब्द अंदाजाने पोलिशमध्ये नेला, तर होतो ‘प्रेझेर्व्हातिव्हा’. त्याचा अर्थ निरोध! लोणच्यात निरोध नाही, हे ग्राहकाला कशाला सांगायचं? त्यांचा खरा शब्द ‘कॉन्सेर्व्हान्ती’.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑस्मियम आणि वोल्फ्राम या धातूंच्या नावांवरून दिव्यांचा जर्मन ब्रँड झाला ‘ओस्राम’. पोलिश कानाला ते शौचाशी संबंधित शिवराळ क्रियापदासारखं लागतं. तरी तो ब्रँड पोलंडमध्ये विकला जातो. नावाला लोक हसले तरी चांगला माल चालतो. पण माहितीच चुकली, तर विश्वास जातो. म्हणून नावापेक्षा लेबलवरचा मजकूर आधी तपासा.

आजपासून करायच्या तीन गोष्टी

१. भाव, वजन, तारीख तोंडी ठेवू नका. कागदावर किंवा मोबाईलवर आकडा लिहून दाखवा.

२. ॲपवरून भाषांतर केलं, तर ते उलटं मराठीत करून बघा. छापण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या एका माणसाला वाचायला द्याच.

३. ‘हो’ ऐकून लगेच बिल फाडू नका. दोन सेकंद थांबा, “अजून काही?” विचारा.

ही तिसरी गोष्ट आपल्या मराठी ग्राहकालाही लागू आहे. “छान आहे, सांगतो नंतर,” असं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक आठवतंय ना? त्याचंही ‘ताक’ आपण ऐकलं, ‘आले’ मात्र विचारायचं राहून गेलं.