जुना टेलिप्रिंटर आणि तळहाताएवढा संगणक



दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या बाया आधी रडायला लागायच्या, मजकूर नंतर वाचला जायचा, हे आपण आजीकडून ऐकलेलं आहे. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या कामातलं एक यंत्र म्हणजे टेलिप्रिंटर. दिसायला थोराड टाइपरायटर. इथे बटण दाबलं की दूरच्या गावातल्या यंत्रावर तेच अक्षर आपोआप कागदावर उमटायचं. वर्तमानपत्रांच्या कचेरीत बातम्याही अशाच यायच्या.

असली काही यंत्रं अजून धडधाकट आहेत. अडचण एवढीच, की तारेच्या पलीकडे बोलायला कोणी उरलं नाही. म्हणून हौशी माणसं त्यांना छोटा संगणक जोडून देतात. कसा, ते आज एका यंत्रावरून सांगते. अमेरिकेतल्या टेलिटाइप कंपनीचं हे मॉडेल ३३, १९६३ मध्ये आलेलं. बिल गेट्स शाळेत असताना याच मॉडेलवर प्रोग्रॅम लिहायला शिकले. जोडायचा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. एकाच पट्टीवर मावलेला, एटीएम कार्डाएवढा. २०१२ साली तो आला तेव्हा किंमत ३५ डॉलर होती.

मग लावा वायर आणि करा सुरू? तसं केलं तर पाय क्षणात जळेल. त्याच्या टोकांना ३.३ व्होल्टच झेपतात. टेलिप्रिंटर मात्र वळशावर चालतो. म्हणजे एका तारेनं वीज जाते, दुसरीनं परत येते आणि या वळशात २० मिलिअँपिअर प्रवाह फिरत असतो. त्यामागचा दाब पायच्या ताकदीबाहेरचा.

इथे विहिरीची मोटर आठवा. मोबाइलवरून फोन केला की मोटर चालू करणारा डबा आता बऱ्याच जणींच्या शेतात आहे. मोटरचा प्रवाह काही त्या मोबाइलमध्ये शिरत नाही. डबा फक्त निरोप घेतो आणि स्टार्टरला हलवतो. टेलिप्रिंटर आणि पाय यांच्यामध्येही असाच मध्यस्थ बसवतात, त्याला ऑप्टोकपलर म्हणतात. छोटीशी काळी चकती. तिच्या आत एका बाजूला बारीक दिवा आणि समोर उजेड ओळखणारा डोळा. दिवा लागला की डोळ्याच्या बाजूची वाट उघडते. दोन्हींच्या मध्ये तार नाहीच, निरोप उजेडानं जातो. जायला एक आणि यायला एक, अशा दोन चकत्या लागतात.

वळशाची एक गोष्ट मला फार आवडली. यंत्र गप्प बसलेलं असतं तेव्हा प्रवाह चालू असतो. प्रवाह तुटला की यंत्राला वाटतं, अक्षर आलं. त्यामुळे तार कुठे तुटली तर ते न थांबता खडखडत राहतं. आपल्याकडे लाइन गेली की सगळं गप्प होतं, इथे उलट. बिघाड ओरडून सांगतो.

आता अक्षर कसं जातं? प्रवाह चालू किंवा बंद, एवढ्यावरच. एका अक्षराला ११ ठोके. पहिला 'सावध' सांगणारा, मग ७ ठोक्यांत अक्षर, एक पडताळणीचा आणि शेवटचे दोन विश्रांतीचे. सात ठोक्यांच्या चालू-बंदच्या १२८ जुळण्या होतात. इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं त्यात बसतात. छोटी लिपी हे यंत्र छापत नाही, मराठी तर नाहीच. सेकंदाला ११० ठोके म्हणजे दहा अक्षरं. पायला त्याच्या मानानं फारच सावकाश चालायला सांगावं लागतं. बाजारातली यूएसबीची काही जोडणीयंत्रं इतकी हळू चालूच शकत नाहीत, तेव्हा घेण्याआधी विचारावं. ओळ संपली की छपाईचं डोकं डावीकडे परत यायला वेळ लागतो. म्हणून 'मागे जा' आधी पाठवतात आणि 'कागद सरकव' नंतर, तेवढ्यात डोकं जागेवर येतं.

वीज जोडण्याआधी मात्र यंत्र उघडून बघायचं. अक्षरांच्या चाकावर बसणाऱ्या हातोडीचं रबर इतक्या वर्षांत चिकट होऊन गळून गेलेलं असतं. तशीच चालवली तर चाकावरची अक्षरंच ठेचली जातात, आणि नवं चाक मिळणं मुश्कील. आतल्या मोटरीला अमेरिकेतली वीज लागते, ११५ व्होल्टची. आपली २३० ची, म्हणजे ट्रान्सफॉर्मर हवा. तिथली वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपली ५०. त्यामुळे इथे मोटर हळू फिरते, ठोके चुकतात, आणि दात्यांची चाकं बदलावी लागतात. हे काम जाणकार माणसाला जवळ बसवूनच करावं. वीज चालू असताना आत हात घालायचा नाही.

सगळं जुळलं की पाय टेलिप्रिंटरवर नाव आणि पासवर्ड विचारतो. पायमधल्या लिनक्समध्ये लहान अक्षरांची मोठी करून पाठवायची सोय आजही आहे. आणि लिनक्समध्ये टर्मिनलसाठी आतून जे नाव वापरतात ते 'टीटीवाय', म्हणजे टेलिटाइपचंच आखूड रूप. ज्या पोरांनी हे यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तीही ते नाव वापरतात.